डब्बू बसून झोपायचा

[दृश्य: रात्र, हॉल. सोफ्याच्या हातावर हनुवटी टेकवून बसलेलं पगचं पिल्लू. डोळे मिटतात, मान घसरते, दचकून जागं होतं.]

आधी हा आवाज ऐका. घोरणं वाटतंय ना? आम्हालाही तेच वाटायचं, आम्ही याचे व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकायचो, मामा लिहायचा अगदी बाबांसारखा घोरतो, सगळे हसायचे, आणि तो बिचारा तेव्हा श्वास ओढायची मेहनत करत होता हे आमच्या कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

हा डब्बू. दिवाळीत दोन महिन्यांचा होता तेव्हा नागपूरला आमच्या घरी आला. हा व्हिडिओ फेब्रुवारीतला, तेव्हा तो सहा महिन्यांचा.

पहिल्यांदा लक्षात आलं ते आजीच्या. तिला रात्री झोप कमी, त्यामुळे हॉलमध्ये डब्बू रात्रभर काय करतो ते तिलाच माहीत. एक दिवस चहा पिता पिता म्हणाली, "अगं हा झोपतच नाही. डोळा लागला की मान पडते, मान पडली की उठतो. तुझे आजोबा दम्यात असेच बसून रात्र काढायचे, पाठीला तीन उशा लावून."

घरात कोणी काही बोललं नाही. आजोबांच्या त्या उशा आम्ही सगळ्यांनी बघितलेल्या आहेत.

[दृश्य: गच्ची, चेंडू]

आणि मग हे गच्चीवरचं. पाच मिनिटं पण खेळला नसेल, जानेवारी होता, छान थंडी होती, एकदम थांबला, पुढचे पाय फाकवून मान लांब केली, आणि जीभ बघितली तर जांभळट. पाणी पाजायला गेले तर आईने हात धरला, म्हणाली ठसका लागेल त्याला. पाचेक मिनिटांनी ठीक झाला. पण थंडीत हे, तर मे महिन्यात काय?

मग त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी आधी स्टेथोस्कोप त्याच्या गळ्याला लावून ऐकलं, मग म्हणाल्या याला बाहेर पॅसेजमध्ये तीन मिनिटं दुडक्या चालीने चालवा, आणि परत ऐकलं. ही तपासणी केंब्रिज युनिव्हर्सिटीच्या टीमने बसवलेली आहे, शून्य ते तीन अशी ग्रेड देतात, शून्य म्हणजे श्वासाचा त्रास नाही, तीन म्हणजे सगळ्यात जास्त. डब्बूची दोन निघाली. मॅडमनी ऑपरेशन सुचवलं.

[दृश्य: नाकपुड्यांचा क्लोजअप]

या नाकपुड्या बघा. भोक नाहीच, नुसती चीर. पगचं थोबाड पिढ्यानपिढ्या आखूड करत नेलं पण आतलं मांस त्या मानाने कमी झालं नाही, टू बीएचकेचं सामान वन आरकेत कोंबावं तसं झालंय ते, टाळूचा मागचा मऊ भाग लांब आणि जाड होऊन श्वासाच्या वाटेवरच लोंबतो. आणि रोज असा जोर लावून श्वास ओढला की आत घशावर ताण येतो, आधी स्वरयंत्राजवळच्या छोट्या पिशव्या बाहेर पलटतात, पुढे त्याची कूर्चाच ढिली पडून आत बसायला लागते, आणि तिथपर्यंत गेलं की ऑपरेशनचा फायदा कमी होतो. म्हणजे "मोठा झाला की बघू" म्हणून थांबलो तर त्याची किंमत डब्बूच देणार होता.

हे पग आधी असे नव्हते हो. विल्यम होगार्थ नावाच्या इंग्रज चित्रकाराने 1745 मध्ये स्वतःचं चित्र काढलं, त्यात शेजारी त्याचा पग बसलाय, त्याला चांगलं पुढे आलेलं थोबाड आहे. आपल्याकडे 2003 च्या हचच्या त्या मोबाईलच्या जाहिरातीनंतर पग घरोघरी झाला, आम्हालाही तो तिथूनच आवडायला लागलेला. नेदरलँड्समध्ये 2019 पासून थोबाडाची लांबी मोजून ब्रीडिंगला परवानगी मिळते की नाही ते ठरतं. असं आपल्याकडे व्हायला हवं, मनापासून वाटतं.

[दृश्य: खिडकीतला कूलर, खसच्या ताट्या]

बाबा म्हणाले, आपल्याकडे कूलर आहे की. पण कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून जिभेवरचा, नाकातला ओलावा उडवतं आणि थंड होतं, आणि कूलर हवा थंड करतो तशी दमटही करतो, दमट हवेत तो ओलावा नीट उडत नाही. त्यात याची हवेची वाटच अरुंद. नवतपा, म्हणजे मे संपतानाचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, निघायचा कसा?

बाबांची भीती वेगळी होती. "खेळतं कुत्रं आहे, टेबलावरून उठलंच नाही तर?" मॅडमनी ही भीती उडवून लावली नाही हे मला फार बरं वाटलं. त्या म्हणाल्या भूल देण्यापेक्षा भुलीतून उठवणं जास्त जोखमीचं, घशातली श्वासाची ट्यूब काढली की घशाला सूज असते, उलटी फुफ्फुसात गेली तर न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून याला सहन होईल तेवढा वेळ ट्यूब ठेवायची, रात्रभर कोणीतरी शेजारी बसायचं. तशी सोय कुठे आहे ते विचारून मगच सर्जन निवडा, असंही सांगितलं.

मग बाबा म्हणाले फक्त नाकपुड्या करा, लहान काम आहे. पण टाळू किती लांब आहे ते भूल दिल्याशिवाय नीट दिसतच नाही, आणि बघायला एकदा, कापायला परत एकदा भूल, हे कोण करणार? म्हणजे आत काय निघेल ते माहीत नसताना, जे निघेल ते करा, यावर सही करायची. बाबांनी फॉर्म घरी आणला. चार दिवस फ्रिजवर पडून होता.

पैशांचा प्रश्न दादाने सोडवला, स्कूटीचे पैसे काढून ठेवले होते ते दिले. त्याच भुलीत नसबंदीही करायची हे आईने ठरवलं. ओळखीतल्या एकांनी मेटिंगला देता का म्हणून दोनदा फोन केलेला, आई त्यांना म्हणाली याच्यासारखी अजून चार पिल्लं बसून झोपलेली मला बघायची नाहीत.

पाचव्या रात्री बाबा आजीच्या खाटेवर जाऊन बसले, दोघं अंधारात नुसते बसून डब्बूला ऐकत होते. सकाळी फॉर्मवर सही होती.

[दृश्य: मार्च. क्लिनिकचा दरवाजा, बाबा पाठमोरे]

नाकपुड्या रुंद केल्या, टाळू कमी केला, त्या पिशव्याही पलटलेल्या निघाल्या, त्या काढल्या. शुद्धीवर यायला वेळ लागला, रात्रभर ऑक्सिजन होता, बाबा बाहेर बाकावर. नंतर दोन आठवडे मऊ खाणं. गळ्यातला पट्टा गेला, छातीभोवती बांधायचा हार्नेस आला. एक्स-रेमध्ये श्वासनलिकाही थोडी अरुंद दिसली होती, ती ऑपरेशनने रुंद होत नाही, त्यामुळे आयुष्यभर वजन वाढू द्यायचं नाही आणि उन्हाळ्यात फिरायला पहाटेच. आता ग्रेड एक. शून्य नाही.

[दृश्य: मेची रात्र, एसी, फरशी]

आणि हा नवतपा. आजी अजूनही रात्री जागीच असते. हा व्हिडिओ तिनेच काढलाय, त्यामुळे थोडा हलतोय. डब्बू फरशीवर कुशीवर पडलाय, चारही पाय पसरून, हनुवटी कशावर टेकलेली नाही.

मागून आजीचा आवाज येतोय बघा. "निज रे बाबा."