आधी पाणी बघा, मग खाद्य टाका

श्रोतेहो, नमस्कार.

शेततळ्यात मासे सोडले, आता त्यांना खायला काय घालायचं आणि किती, यावर मला बारा मिनिटं बोलायला सांगितलंय. खरं म्हणजे उत्तर एका वाक्याचं आहे, ते सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे मधेच कुणाला गाईच्या धारेला उठावं लागलं तरी चुकायला नको. आधी पाणी बघा, मग खाद्य टाका. पुन्हा सांगतो. आधी पाणी, मग खाद्य.

'मागेल त्याला शेततळं' योजना २०१६ साली आली आणि आपल्याकडच्या माळरानांवर निळी-काळी तळी दिसायला लागली. ती खणली डाळिंबासाठी, द्राक्षासाठी, उन्हाळ्याच्या सोयीसाठी. पण पाणी साठलंच आहे तर चार मासे सोडू, असं प्रत्येक घरात कुणाला तरी वाटतं. बहुधा धाकट्या मुलाला. सोडावेत. फक्त प्लास्टिकच्या कागदाच्या तळ्याला चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर आणि एखादी जुनी ट्यूब बांधल्याशिवाय कुणी काठावर जाऊ नये. शेवाळ धरलेल्या त्या कागदावरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. हे माझ्या विषयात बसत नाही, तरी मी जिथे जातो तिथे सांगतो.

तर मासे. कटला, रोहू, मृगळ. कटल्याचं तोंड वर वळलेलं, तो वरच्या थरात चरतो. मृगळाचं तोंड खाली, तो तळाशी. रोहू मधल्या माळ्यावरचा भाडेकरू. म्हणून तिघं एका तळ्यात नांदतात, एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. दहा बोटुकल्यांत चार कटला, तीन रोहू, तीन मृगळ, असा हिशोब धरा. आणि बोटुकली म्हणजे खरोखर बोटाएवढी. जिऱ्याएवढं बीज स्वस्त मिळतं म्हणून थेट तळ्यात सोडलंत, तर ते बेडकांचं आणि पाणकिड्यांचं जेवण होतं.

खाद्य काय? शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा, निम्मा निम्मा. पेंड रात्री भिजवायची, सकाळी कोंड्यात मळून लाडूसारखे गोळे करायचे. हे गोळे पाण्यात भिरकावू नका. एका घमेल्यात ठेवा, घमेल्याला तीन दोऱ्या बांधा, शिंक्यासारखं करा आणि काठाजवळ हातभर खोल सोडा. जागा रोज तीच, वेळ रोज तीच, ऊन चांगलं वर आल्यावर. दोन तासांनी घमेलं वर ओढा. रिकामं असेल तर ठीक. उरलं असेल तर उद्या कमी. एवढंच शास्त्र आहे. बाजारात तरंगत्या गोळ्यांचं खाद्य मिळतं, तेही उत्तम. मासा खातो की नाही ते डोळ्यांनी दिसतं. पण पेंड-कोंड्यावर वाढलेला मासा कमअस्सल असतो, असं कुणी सांगितलं तर तो माणूस खाद्य विकतो का, ते आधी विचारा.

किती घालायचं? महिन्यातून एकदा फेकजाळं टाकून वीसेक मासे धरा, वजन करा, सरासरी काढा. तिला तळ्यातल्या माशांच्या संख्येने गुणलं की एकूण वजन आलं. त्याच्या शंभराला दोन. शंभर किलो मासे असतील तर दिवसाला दोन किलो खाद्य. लहान असताना थोडं जास्त, पण मोठे झाल्यावर शंभराला दोन. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती या आकड्याचीच आहे.

माझे मामा सिन्नर तालुक्यात राहतात. माळकरी माणूस. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. त्यांच्या शेततळ्यात माझ्या मामेभावाने सहाशे बोटुकली आणून सोडली. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला चाललं?" तर म्हणाले, "अरे, पांडुरंगाच्या कानात काय आहे? मासेच आहेत ना? त्यानं कानात घातले, आपण तळ्यात घातले. घरात शिजणार नाहीत, एवढं मात्र सांगून ठेवतो."

माशांना खायला घालायचं काम मामींकडे आलं. मामी स्टीलचं ताट घेऊन तळ्यावर जायच्या आणि पळीने तीन ठोके द्यायच्या. टण, टण, टण. महिन्याभरात मासे असे शिकले, की ताट वाजलं की तळ्याच्या चारी कोपऱ्यांतून पाण्यावर रेषा उठायच्या आणि त्या कोपऱ्यात गर्दी व्हायची. पाहुण्यांना चहाआधी ते दाखवायचे. मीही दोनदा वाजवून बघितलं. माझ्या ठोक्याला मासे आले नाहीत. मामी म्हणाल्या, "हात ओळखतात."

पुढे मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न निघालं. बाराशे माणसांचा स्वयंपाक. आणि त्याच तिथीला पंचक्रोशीत आणखी चार लग्नं. माणसं आली सातशे. आता इथे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. पंगत होती तेव्हा वाढपी माणूस बघून वाढायचा, उरलं तरी घमेलंभर उरायचं. आता ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, पाच पदार्थ एकावर एक घ्यायचे आणि निम्मे टाकून द्यायचे. याला आपण सुधारणा म्हणतो. असो.

संध्याकाळी वरात गेली. मंडपामागे पातेली उघडली तर मसालेभात आणि बुंदी मिळून साठेक किलो माल शिल्लक. मामा अन्न टाकणारे नव्हेत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटलं, तरी उरलं. मामेभाऊ म्हणाला, गाईंना घालू. मामा म्हणाले, "वेडा आहेस का? भात जास्त झाला तर गाईचं पोट फुगतं." आणि मग त्यांनी गडी माणसांकडून दोन्ही पातेली तळ्याच्या काठावर नेली. ताट वाजवलं आणि सगळं पाण्यात लोटलं. मुलीच्या लग्नाचं जेवण, मुक्या जीवांनाही मिळू दे. भावना चांगली होती.

हिशोब करा. पाचशे मासे जगलेले होते, सरासरी सहाशे ग्रॅमचे. म्हणजे तीनशे किलो. शंभराला दोन म्हणजे दिवसाला सहा किलो. आणि पडलं साठ किलो. दहा दिवसांचं जेवण एका संध्याकाळी. गाईचं पोट फुगतं ते दिसतं. तळ्याचं दिसत नाही.

मी त्या रात्री तिथेच होतो, मंडपातल्या गादीवर. पहाटे चारच्या सुमाराला मामींनी हलवून उठवलं. म्हणाल्या, "मासे काहीतरी बोलताहेत." मी बॅटरी घेऊन गेलो. तळ्यावर पोचायच्या आधीच आवाज आला. पच्, पच्, पच्. शेकडो लहान मुलं एकदम ओठ वाजवत असावीत तसा. बॅटरी मारली तर सगळं पाणी तोंडांनी भरलेलं. रुपयाएवढी गोल, उघडी तोंडं, वर आलेली, उघडतात आणि मिटतात. मामींना वाटलं, भुकेले आहेत! त्यांनी घरातून पीठ आणलं होतं. ताट वाजवलं, पीठ टाकलं. एकही मासा वळला नाही. पीठ त्यांच्या तोंडांवरून वाहत गेलं. तेव्हा मामी घाबरल्या.

श्रोतेहो, हे नीट ऐका. पहाटे मासा वर येऊन तोंड उघडतो, तो भाकरी मागत नाही. हवा मागतो. न खाल्लेलं अन्न पाण्यात कुजतं, कुजताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं. दिवसा हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू तयार करतं, रात्री ते स्वतःच श्वास घेतं. त्यात मे महिना, कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो, आणि तळ्यात उरलेलं पाणी पाच फूट. सगळ्यांत वाईट वेळ पहाटेची. पहाटे मासे वर दिसले तर खाद्य बंद. काय बंद? खाद्य बंद.

मामेभाऊ पळत आला. शेरवानी अंगावरच होती. म्हणाला, डाळिंबाचा फवारणीचा ब्लोअर जोडतो ट्रॅक्टरला, हवेतून पाणी मारू. मी ओरडलोच. त्या टाकीत परवा कीटकनाशक होतं! उरलेसुरले मासे त्यानेच गेले असते. शेतीची लाइट तीन वाजताच गेलेली. मग मंडपवाल्याचा जनरेटर आठवला. मंडपवाला बिचारा खुर्च्यांच्या थप्पीमागे झोपला होता, त्याला उठवलं. घरच्या टाकीची एक एचपीची मोटर काढून आणली, फूटव्हॉल्व्ह तळ्यात टाकला आणि तळ्याचंच पाणी उचलून तळ्यातच परत मारायला लागलो. पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबून उंच धरायचं, म्हणजे फवारा उडतो आणि पाणी हवा घेऊन खाली पडतं. बोअरचं पाणी सोडायचं तरी असंच उंचावरून सोडायचं, कारण जमिनीतल्या पाण्यात प्राणवायू फारसा नसतोच.

मामेभाऊ, मी, मंडपवाला, आळीपाळीने अंगठा. उजाडेपर्यंत अंगठ्याची जाणीव गेली. नऊ वाजता ऊन पाण्यावर पसरलं, शेवाळाने आपलं काम सुरू केलं आणि एकेक तोंड खाली जायला लागलं. सत्तरच्या आसपास मासे गेले. त्यांत कटलाच जास्त, आणि मोठे मोठे. अशा वेळी आधी मोठाच मासा जातो. मामांनी मेलेले मासे कुणाला उचलू दिले नाहीत. स्वतः टोपलीत भरले आणि डाळिंबाच्या बांधावर खड्डा करून पुरले. दिवसभर बोलले नाहीत.

संध्याकाळी मी सांगितलं, आता आठ दिवस यांना काही घालू नका, पाण्यात आहे ते खातील. मामांचा चेहरा पडला. आठ दिवस उपाशी? मग थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे एकादशीच की." तेव्हापासून त्या तळ्यातल्या माशांना महिन्याच्या दोन्ही एकादश्या कडक असतात. हसू नका. अधूनमधून एक दिवस खाद्य बंद ठेवलं की तळाशी साठलेलं खाऊन संपतं आणि पाणी हलकं होतं. मला पदवी घेऊन जे लोकांना पटवता आलं नाही ते पंचांगाने पटवलं.

माझी वेळ या गोष्टीतच गेली, त्यामुळे राहिलेलं भराभर सांगतो. पाणी बघायचं कसं? काठावर पालथं पडून हात कोपरापर्यंत पाण्यात घाला. कोपरापर्यंत हात गेला तरी तळवा स्वच्छ दिसतोय, तर पाणी उपाशी आहे, शेणाची पाण्यात कालवलेली स्लरी थोडी सोडा. कोपराशी येता येता तळवा दिसेनासा झाला, तर पाणी छान. मनगट बुडायच्या आतच तळवा गडप झाला, तर पाणी जड झालंय, खाद्य बंद. ढगाळ दिवशी निम्मं. कडाक्याच्या थंडीत अगदी नावाला. आधी पाणी, मग खाद्य.

दुसरं, चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. कटला-रोहू साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी ओडिशात इंजेक्शन देऊन त्यांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज आपल्याला बोटुकली विकत मिळते. चिलापीला इंजेक्शन लागत नाही. १९५२ मध्ये ती आपल्या देशात आणली. मादी अंडी तोंडात सांभाळते, दोन-तीन महिन्यांची झाली की पुन्हा पिल्लं, पिल्लांना पिल्लं. शेवटी तळ्यात हजार मासे आणि एकही तळहाताएवढा नाही, तुमची पेंड मात्र संपते. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. जपानचे युवराज अकिहितो १९६० मध्ये शिकागोहून ब्लूगिल नावाचा मासा भेट म्हणून घेऊन गेले, तो तिथल्या तळ्या-सरोवरांत इतका माजला, की २००७ मध्ये सम्राट असताना त्यांनी त्याबद्दल जाहीर खंत बोलून दाखवली. स्वतः मत्स्यशास्त्रज्ञ असलेल्या माणसालाही मासे फसवतात, तर आपण कोण? तेव्हा नदीचं किंवा धरणाचं पाणी तळ्यात घेताना पाइपाच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड दुहेरी बांधा. दुहेरी.

मामांच्या तळ्याचं पुढे काय झालं, तेवढं सांगून थांबतो. जूनमध्ये पाणी कमरेला आलं, मासे काढायची वेळ झाली. मामेभावाने मुद्दाम मुहूर्त असा धरला, की निवृत्तिनाथांची पालखी दातलीच्या रिंगणाला आलेली, मामा तिथूनच दिंडीबरोबर पुढे गेलेले. जाळंवाले पहाटे आले. मामेभाऊ घरात गेला आणि म्हणाला, "आई, ते ताट दे जरा. तू नुसते तीन ठोके दे, सगळे एका कोपऱ्यात येतात, एका ओढीत काम होईल."

मामी चुलीपुढे बसल्या होत्या. ताट मागे फडताळात होतं. त्यांनी फडताळाला कडी घातली.

जाळं सात वेळा ओढावं लागलं.

नमस्कार.