अर्पणाची थैली आणि भावाचा फोन

सलाम मंडळी, कसे आहात सगळे? आज पश्चात्तापावर बोलायचंय आणि सुरुवात माझ्यापासूनच करतो, कारण दुसऱ्याच्या पापावर बोलायला आपल्याला कसं, लगेच जोर चढतो!

गावची जागा विकली तेव्हा धाकट्या भावाच्या वाट्याचे 20,000 मी दाबले. तो समजून गेला, बोलणं बंद. आणि मी काय करायचो, तर रोज रात्री गुडघे टेकून "प्रभू, माझ्या पापांची क्षमा कर" म्हणायचो, डोळ्यात पाणीबिणी यायचं आणि मग मस्त झोप लागायची. अडीच वर्षं हेच चाललं. मग एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचला, वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. नेमकी तेव्हाच अर्पणाची थैली माझ्या हातात आली. सांगतो तुम्हाला, थैली निखाऱ्यासारखी वाटली, पुढे सरकवली आणि बाहेर येऊन फोन लावला. तो म्हणाला "कामात आहे" आणि ठेवून दिला, झालं!

मला वाटलं होतं दोघं रडू बिडू, पिक्चरसारखं. पण बायबलातला तो श्रीमंत जकातदार जक्कय बघा ना, येशूला बघायला उंबरावर चढलेला, येशूने बोलावल्यावर खाली उतरला आणि रडला असं शुभवर्तमान लिहिणारा लूक कुठे लिहीत नाही, तो सरळ हिशोब मांडतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. आता मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे चूक कबूल करणाऱ्याला मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा एवढं पुरलं असतं, हा गडी चौपटवर गेला!

आणि निरंतर प्रार्थना करा, हे बायबलात वाचून लोक घाबरतात, नोकरी सोडून बसायचं की काय. अहो, प्रेषित पौल हे मंडळीला लिहिलेल्या ज्या पत्रात लिहितो त्याच पत्रात सांगतो की आम्ही रात्रंदिवस काम करत होतो, तंबू बनवणारा माणूस तो. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराची प्रार्थना तर एका श्वासात होते, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." पूर्वेकडच्या जुन्या मंडळ्यांत हेच शब्द येशूचं नाव जोडून लोकरीच्या दोरीच्या गाठीगाठीवर म्हणतात. मी एसटीत म्हणतो, खिडकीशी जागा मिळाली तर. सवय झाली की मग मधेच, शेजारच्याशी खोटं बोलतानासुद्धा ते वाक्य तोंडात येतं आणि पंचाईत होते, त्यासाठीच तर ते आहे म्हणा.

भावाला आता दर गुरुवारी फोन करतो. कधी उचलतो, कधी नाही. परवा विचारत होता, वहिनीचा गुडघा कसाय. 24,000 जमत आलेत, मुद्दल आणि पाचवा हिस्सा. चौपट काही आपल्याला झेपायचं नाही बुवा. नाताळच्या आत स्वतः नेऊन देणार आहे, त्याने दार उघडलं तर आत जाईन, नाहीतर ओट्यावर बसेन.