गोड ज्वारी, पावसाचा खंड आणि मुळाशी राहणारे जिवाणू

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो. इथेनॉलसाठी गोड ज्वारी घ्यायची, तर मराठवाड्यात पहिला प्रश्न ऑगस्टच्या खंडाचा. बियाण्याला चोळायचं जिवाणू खत पाणी आणून देत नाही, हे आधीच सांगतो. भेगाळलेल्या रानात पिकानं थोडे दिवस जास्त तग धरला तरी पुष्कळ झालं.

ताण बसला की मुळांत इथिलीन वायू वाढतो आणि मुळं वाढायची थांबतात. नेमकी खोल जायला हवीत तेव्हाच. स्यूडोमोनस गटातले काही जिवाणू हा वायू ज्यापासून बनतो तो पदार्थच फस्त करतात. अझोस्पिरिलममुळे मुळांना फाटे जास्त फुटतात. मायकोरायझा ही बुरशी. तिचे तंतू मूळकेसांहून बारीक, त्यामुळे मूळ शिरत नाही तिथली ओल आणि स्फुरद ते ओढतात.

आता बीजप्रक्रिया. एकरी ४ किलो बियाणं धरू. काणी या कणसाच्या बुरशीरोगासाठी गंधक किलोला ४ ग्रॅम, ते आधी चोळा. जिवाणू सगळ्यात शेवटी: अझोस्पिरिलम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दोन्ही किलोला २५ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकी १०० ग्रॅम. २०० मिलीलिटर पाण्यात २५ ग्रॅम गूळ उकळा आणि पूर्ण गार करा. गरम पाण्यात पुडा ओतला की जिवाणू तिथंच मेले! द्रावण लागेल तेवढंच घ्या. दाण्यावर नुसता पातळ लेप बसावा, लगदा नको. गोणपाटावर सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा.

चूक बहुतेकदा इथंच होते. बियाणं बांधावर उन्हात राहतं, नाहीतर खतात कालवून एकाच चाड्यातून सोडतात. खताच्या क्षारानं जिवाणू मरतात. मायकोरायझा मात्र बियाण्याच्या खाली तासात, म्हणजे पेरणीच्या ओळीत, पडायला हवा, मूळ त्याला भिडलं पाहिजे. प्रमाण पाकिटावरचं घ्या. डीएपी या स्फुरदयुक्त खताचा मारा जास्त झाला तर झाड बुरशीला थाराच देत नाही.

चार तासं बिनप्रक्रियेची ठेवा. खंडात दुपारी पानं सगळीकडेच सुरळी होतात, त्यावरून काही ठरवू नका. सकाळी सातला बघा: कोणत्या तासातली पानं उलगडलीत? मग दोन्हीकडचं एकेक झाड खुरप्यानं उपटून हलकेच झटका, मुळाला माती किती चिकटून राहते ते पाहा.