सतारमेकर गल्लीतला हात

[दृश्य : मिरज, सतारमेकर गल्ली. सकाळ. ओट्यावर वाळत ठेवलेले भोपळे.]

भोपळा बसला, दांडी जोडली, तारा चढल्या, तरी सतार अजून मुकीच असते. तिला वाचा फुटते ती या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर. घोडीच्या माथ्यावरून केसभर कानस फिरवायची, तार छेडायची, कान द्यायचा. पुन्हा कानस. याला म्हणतात जवारी काढणं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जवारीचं मोजमाप मात्र कागदावर सापडायचं नाही. ते कारागिराच्या कानात असतं.

आता हा उजवा हात बघा. सतार घडवणारे काका कानस खाली ठेवतात आणि हात झटकतात. रात्री मुंग्यांनी जाग येते, तेव्हाही असाच झटकतात. मुंग्या येतात अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला. करंगळी शाबूत. ही करंगळी ध्यानात ठेवा, पुढे तीच साक्ष देणार आहे.

[दृश्य : दवाखान्यांच्या पाट्या, एकीखाली एक.]

डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचं इस्पितळ सुरू केलं. आज सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक औषधपाण्याला इथंच येतात. म्हणजे पाट्यांना तोटा नाही. घोटाळा पाट्यांवरच्या शब्दांचा आहे. न्यूरोसर्जन शस्त्रक्रिया करतात. न्यूरोफिजिशियन म्हणजे मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांचे डॉक्टर. न्यूरोफिजिओथेरपिस्ट व्यायाम करून घेतात. आणि क्लिनिकल न्यूरोफिजिओलॉजी म्हणजे मेंदू, नसा आणि स्नायूंमधली वीज मोजून दुखण्याची जागा सांगणारं शास्त्र. त्याची वेगळी पाटी सहसा दिसतच नाही. ‘फिजिओ’ एवढं वाचून काका आधी व्यायामाच्या दारात जाऊन बसले होते. हसू नका, चित्रीकरणाआधी आमच्यातल्या दोघांचाही हाच समज होता.

वीज मोजण्याचं हे काम बहुतेक ठिकाणी न्यूरोफिजिशियन, म्हणजेच न्यूरॉलॉजिस्ट बघतात. एमडी मेडिसिननंतर तीन वर्षांचं डीएम किंवा त्याच तोडीचं शिक्षण, आणि काहींनी त्यापुढे याच तपासण्यांचा खास अनुभव घेतलेला असतो. पदवीची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे पाहता येते. पण पदवीइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा, आणि तो बिनदिक्कत विचारावा : तपासणी करताना डॉक्टर स्वतः हात बघणार, की नुसत्या कागदावर सही करणार?

[दृश्य : तपासणीची खोली. टेबलावर काकांचा हात. पेनाच्या खुणा, मोजपट्टी.]

ही नसेच्या वेगाची तपासणी, एनसीएस. कोपराशी आणि मनगटाशी विजेचा हलका झटका द्यायचा आणि अंगठ्याखालच्या स्नायूपर्यंत तो कधी पोचतो ते पडद्यावर बघायचं. दोन खुणांमधलं अंतर भागिले वेळ. शाळेतलंच गणित. फरक एवढाच, की वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायची. हातातली धडधाकट नस सेकंदाला ५० मीटर किंवा त्याहून वेगानं निरोप नेते. काकांच्या नसेत कोपर ते मनगट सगळं सुरळीत. मनगटाच्या पुढे निरोप रेंगाळतो. मग शेजारची, करंगळीकडे जाणारी नस तपासली. ती ठणठणीत. म्हणजे खोट सगळ्या हातात नाही, मनगटातल्या चिंचोळ्या बोगद्यात आहे. त्याचं नाव कार्पल टनेल सिंड्रोम.

तंत्रज्ञ ताई मध्येच काकांच्या हाताला थर्मामीटर लावतात, मग गरम पिशवीत हात गुंडाळतात. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय. कातडी गार असली की दर अंशाला सेकंदामागे दीड-दोन मीटर वेग घटतो. म्हणून हात निदान ३२ अंशांवर हवा. दुसऱ्या एका ठिकाणी ऐन जानेवारीत गारठलेल्या हातावरच तपासणी उरकली होती. ‘सगळ्याच नसा मंद’ असा रिपोर्ट आला, मधुमेहात असं होतं म्हणून काकांनी सहा महिने नसलेल्या मधुमेहाचा धसका घेतला. यंत्र त्याही दिवशी ठीकच होतं.

[पडदा काळा. फक्त आवाज.]

सुई टोचतानाचं चित्रीकरण काकांनी करू दिलं नाही. त्यामुळे आवाज ऐका. मानेतल्या नसेचीही शंका होती, म्हणून ही ईएमजी. सुईतून वीज सोडत नाहीत, स्नायूतली वीज ऐकतात. निरोगी स्नायू सैल सोडला की शांतता. नस तुटत चालली असेल तर पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी टपटप. डॉक्टर पडद्याकडे कमी बघतात आणि कान जास्त देतात. काका म्हणाले, “ही बी जवारीच की!” इथं टपटप नाही. नस दबलीय, स्नायू तगलाय.

[दृश्य : शेजारची खोली. मुलगी, डोक्यावर वायरी, हातात भिरभिरं.]

हा ईईजी. माणसाच्या मेंदूतली वीज हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये पहिल्यांदा टिपली. टेपनं डोकं मोजून दहा आणि वीस टक्क्यांच्या अंतरावर वीज टिपणाऱ्या चकत्या चिकटवतात. म्हणून केस धुऊन, तेल न लावता यायचं. भिरभिरं खेळायला दिलेलं नाही. ते फुंकत तीन मिनिटं जोरजोरात श्वास घेतला की दडलेली गडबड कधीकधी उघडी पडते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी फिट्सचा आजार नाही असं ठरत नाही. आकडी कशी आली हे पाहणाऱ्या आईचं बोलणं डॉक्टर म्हणूनच आधी ऐकून घेतात. आणि आकडी आली म्हणून कुणी नाकाला चप्पल लावू नये.

[दृश्य : पुन्हा गल्ली. मनगटावर बारीक व्रण.]

मनगटाची छोटी शस्त्रक्रिया झाली. दीड महिना दुकान मुलानं सांभाळलं. पैशाचं जमलं कसंबसं.

कानस फिरते. थांबते. काका तार छेडतात.

[इथून पुढे निवेदन नाही.]