पाच तारे आणि विम्याचा हप्ता

नमस्कार श्रोतेहो.

अपघात-चाचणीत मिळालेले पाच तारे बघून गाडी पसंत केली आणि विम्याचा हप्ता ऐकून तोंडचं पाणी पळालं, असं अनेकांचं होतं. गाडी एवढी सुरक्षित, मग हप्ता जास्त का? कारण तारे देणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि हप्ता ठरवणाऱ्यांचा वेगळा. तारे सांगतात, गाडी आदळलीच तर आतली माणसं कितपत वाचतील. विमा कंपनी हिशेब मांडते तो असा, की या मॉडेलच्या गाड्या वर्षात किती वेळा ठोकल्या जातात आणि दर वेळी खिशातून किती जातात.

हप्त्याच्या पोटात वेगवेगळे धोके असतात: आपल्या गाडीनं दुसऱ्याचं केलेलं नुकसान, आपल्याच गाडीची दुरुस्ती, आतल्या माणसांची दुखापत, आणि चोरी. मजबूत सांगाडा, सीटबेल्ट, एअरबॅग यांचा फायदा दिसतो तो दुखापतीच्या भागात. दुरुस्तीच्या भागात मात्र हीच एअरबॅग महागात पडते. ती एकदा उघडली की नुसती बॅग बदलून भागत नाही. सीटबेल्ट घट्ट खेचणारं प्रिटेन्शनर जातं, कंट्रोल युनिट बऱ्याचदा बदलावं लागतं, ड्रायव्हरशेजारच्या सीटची बॅग असेल तर डॅशबोर्डही फाटतो. गाडी जुनी असेल तर हे बिल तिच्या बाजारभावाच्या जवळ जातं आणि कंपनी ‘टोटल लॉस’, म्हणजे दुरुस्ती परवडत नाही, म्हणून मोकळी होते. माणूस वाचला, गाडी गेली. एअरबॅगनं तिचं काम चोख केलं, पण हिशेबाच्या वहीत तो मोठा दावाच.

ताऱ्यांबद्दल आणखी एक गोष्ट. तारा कुठल्या सालचा, ते आधी बघा. युरोपात गाड्या आदळवून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेच्या चाचण्यांचे निकाल १९९७ पासून येतात आणि नियम दर काही वर्षांनी कडक होत गेले. फियाट पुंतोला २००५ मध्ये पाच तारे होते. २०१७ मध्ये नव्या नियमांनी तपासली तेव्हा एकही मिळाला नाही. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा अवघड झाली होती.

विमेवाल्यांची स्वतःची एक चाचणी असते आणि ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. गाडी फक्त ताशी १५ किलोमीटरनं, दहा अंश तिरक्या अडथळ्यावर, रुंदीच्या ४० टक्के भागात आदळवतात. यात माणसाला इजा होईल का, हा मुद्दाच नसतो. बघायचं असतं ते बंपरच्या मागे. तिथे क्रॅश बॉक्स असतो, चिरडण्यासाठीच ठेवलेला. तो बोल्टनं बसवलेला असेल आणि सगळा धक्का त्यानंच पचवला, तर काढा, नवा लावा, काम झालं. पण तो वेल्ड केलेला असेल, किंवा धक्का त्याच्या पलीकडे गेला, तर मागचा चॅसीचा लांब दांडा वाकतो. मग गाडी जिगवर, म्हणजे सांगाडा सरळ करायच्या चौकटीवर, चढवून मापं जुळवत बसावं लागतं. एकाच ठोकरीत एका गाडीचं काम अर्ध्या दिवसाचं, दुसरीचं आठवड्याचं. हप्त्यातला बराच फरक इथून येतो.

आता अपघात टाळणारी यंत्रणा. इथे आकडे खरोखर बोलके आहेत. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेच्या अभ्यासात, समोरच्या गाडीवर मागून आदळण्याचे अपघात नुसत्या इशाऱ्यामुळे २७ टक्क्यांनी कमी झाले. इशाऱ्यासोबत गाडीनं स्वतः ब्रेक लावल्यावर ५० टक्क्यांनी. रिव्हर्समध्ये आपोआप लागणारा ब्रेक, मागचा कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर यांनी मिळून मागे घेतानाचे अपघात ७८ टक्क्यांनी घटवले; नुसत्या मागच्या कॅमेऱ्यानं १७ टक्क्यांनीच. मथितार्थ उघड आहे: माणसाला सावध करणारी यंत्रणा बरी, पण स्वतः ब्रेक दाबणारी कितीतरी सरस. आणि टक्कर पूर्ण टळली नाही तरी बिघडत नाही. ताशी ६० वरून वेग ४० वर आला, तर आदळण्याची ऊर्जा निम्म्याहून कमी होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

मग हप्ता लगेच का उतरत नाही? एक कल्पित हिशेब घ्या. शंभर गाड्यांमागे वर्षाला दहा दावे, प्रत्येकी शंभर रुपये: एकूण हजार. नव्या यंत्रणेमुळे दावे आठ झाले, पण प्रत्येक दुरुस्ती एकशे तीसवर गेली: एकूण एक हजार चाळीस. अपघात कमी, खर्च जास्त. दुरुस्ती वाढली कारण हे सेन्सर नेमके मार लागणाऱ्या जागी असतात: रडार बंपरमागे किंवा जाळीत, कॅमेरा पुढच्या काचेला आरशाच्या मागे.

काच बदलली की बहुतेक गाड्यांत कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा अचूक जुळवणं, करावं लागतं. सपाट जमीन, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, उजेड सारखा, आणि समोर ठरलेल्या अंतरावर निशाणांचा फलक. काही गाड्यांत त्यानंतर ठळक पट्टे असलेल्या रस्त्यावर चालवूनही जुळवावं लागतं. हे नखरे वाटतील, पण कॅमेरा एक अंश जरी तिरपा राहिला तरी शंभर मीटरवर पावणेदोन मीटरची चूक होते. म्हणजे शेजारच्या लेनमधली गाडी आपल्या पुढ्यात आहे असं समजून भर वेगात ब्रेक लागू शकतो. रडारचंही तसंच. त्याच्यासमोरच्या बंपरवर लांबी (पुट्टी) भरली, रंगाचे जाड थर चढवले किंवा स्टिकर चिकटवला, तर लहरी नीट आरपार जात नाहीत. पुढे लोखंडी गार्ड बसवणं तर शुद्ध आत्मघात: रडार झाकतो, धक्का क्रॅश बॉक्सला चुकवतो आणि विमा कंपनीला कळवलं नसेल तर दाव्यात वाद.

गाडी घेण्याआधी दोन-तीन मॉडेलांची कोटेशनं मागवा, मात्र अटी एकसारख्या ठेवून: तेच संरक्षण, दाव्यात स्वतः भरायची रक्कम तीच. व्हेरियंटचं पूर्ण नाव द्या. ऑटोमॅटिक ब्रेक वरच्या व्हेरियंटमध्येच असेल आणि कोटेशन खालच्याचं काढलं, तर आकडे फसवे. ब्रेक सर्व व्हेरियंटमध्ये असेल तर कंपनीला त्याची नोंद सापडते. ऐच्छिक पॅकमध्ये असेल तर ती सांगावी लागते. काचेचं जादा संरक्षण घेत असाल तर एकच प्रश्न विचारा: कॅलिब्रेशन यात धरलंय का? उत्तर लेखी घ्या.

छोट्या ओरखड्यासाठी दावा करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दलची सवलत, गेल्यानं पुढच्या दोन-तीन वर्षांत हप्ता किती वाढेल, त्यात स्वतः भरायची रक्कम मिळवा आणि दुरुस्तीच्या बिलाशी ताडून बघा. बिल कमी असेल तर दावा करू नका.

आणि बंपरचं किंवा काचेचं काम झालं की गाडी ताब्यात घेण्याआधी कॅलिब्रेशनचा छापील अहवाल मागा. त्यावर तारीख, चेसिस नंबर आणि प्रत्येक सेन्सरपुढे ‘पास’ असायला हवं. बिलात कॅलिब्रेशनची ओळ आहे पण अहवाल नाही, असं झालं तर ते काम झालेलंच नाही असं धरून चाला आणि चावी परत काउंटरवर ठेवा.