नाला सोपा, शेत अवघड

(मृद व जलसंधारणाच्या सेवेत नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्यांपुढे सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, जलसंधारणाचा कार्यक्रम चालवणाऱ्या अधिकाऱ्यापुढे निधी, यंत्रे आणि मनुष्यबळ यांच्या अडचणी नेहमीच असतात आणि त्यांविषयी तुम्हाला प्रशिक्षणात पुरेसे सांगितले गेले असेल. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. आपली शासकीय व्यवस्था, कोणाचाही हेतू वाईट नसताना, अधिकाऱ्याला शेतातून उचलते आणि नाल्यात नेऊन ठेवते. तेथून पुन्हा शेतात येणे आणि आपल्या माणसांना घेऊन येणे, यालाच मी या सेवेतले नेतृत्व समजतो.

सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. एका हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10,000 लिटर पाणी; या हिशेबाने सरासरीच्या वर्षी प्रत्येक हेक्टरच्या वाट्याला सुमारे 55 लाख लिटर पाणी येते. रब्बी ज्वारीला एवढे पाणी कमी नाही. अडचण ही की ते मोजक्या मोठ्या सरींनी येते, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरमध्ये पडतो, आणि पावसाचे बहुतेक दिवस रब्बीची जमीन पेरणीसाठी राखलेली, म्हणजे उघडीच असते. उघड्या काळ्या जमिनीवर जोराची सर आली की वरचा थर फुगून मिटतो, पाणी मुरण्याऐवजी उताराला लागते आणि जाताना सर्वांत बारीक व सर्वांत सुपीक माती घेऊन जाते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी हिवाळाभर पावसावाचून, निव्वळ जमिनीतल्या ओलीवर पोसते, ती पायाखाली खोल काळी माती आहे म्हणून. तीच माती धुपून मुरूम उघडा पडला, तर तितकाच पाऊस पडूनही पीक निसवण्याआधी करपते. एक हिशेब तुम्ही स्वतः करून पाहा: 10 लाख हेक्टर शेतात आणखी 50 मिलिमीटर पाणी जागच्या जागी मुरले, तर ते साडेसतरा टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) अधिक भरते. उजनी धरणाच्या उपयुक्त साठ्याचा हा जवळजवळ तिसरा हिस्सा झाला, आणि त्यासाठी एक एकर जमीनही पाण्याखाली जात नाही.

हे ज्ञान नवे नाही. सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राचे काम 1933 पासून चालू आहे. उताराला आडवी मशागत करा आणि पेरणीच्या बऱ्याच आधी, पावसाळ्यातच, रानात लहान लहान चौकोनी वाफे पाडून ठेवा, ही तेथली जुनी शिफारस आहे. खात्यात आपण तिला कंपार्टमेंट बंडिंग म्हणतो. सारा यंत्र असले की बैलजोडीने हे काम होते. त्याला ठेकेदार लागत नाही, निविदा लागत नाही आणि भूमिपूजनही लागत नाही. आढावा बैठकीच्या तक्त्यात ते सहसा तळाच्या ओळीत असते, याचे कारण मला तरी हेच दिसते.

शेतावरचे काम शासनाने केलेच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 1942 च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने या प्रदेशात बांधबंदिस्तीचा मोठा कार्यक्रम उभा राहिला, आणि 1972 च्या दुष्काळात, जेव्हा राज्यात एका वेळी सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती, तेव्हा पाझर तलावांबरोबर हजारो हेक्टरांवर बांध पडले. पण बांध समपातळी रेषेने गेला आणि शेताची वाटणी खुंटाखुंटाने झालेली होती. बांधामुळे एकाच्या रानाचा कोपरा तुटला, दुसऱ्याच्या पाभरीला वळण पुरेना. त्यातच भारी काळ्या जमिनीत बांधाच्या वरच्या अंगाला पाणी आठवडाभर तुंबून राहते, तेथे वाफसा येत नाही, पेरणी हुकते. आणि उन्हाळ्यात त्याच बांधाला भेगा पडतात, ज्यांतून पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी वाट काढून बांध फोडते. अशा जमिनीला ढाळीचे, म्हणजे किंचित उतार दिलेले बांध आणि जादा पाणी बाहेर काढणारा पक्का सांडवा हवा, हलक्या जमिनीचा नमुना येथे चालत नाही. ज्यांनी आपले बांध नांगरून सपाट केले, त्यांना अडाणी ठरवणारे शेरे मी जुन्या फायलींतून वाचले आहेत. त्या शेतकऱ्यांचा निर्णय, त्यांच्या रानापुरता, बहुधा बरोबर होता. त्यांच्या आजोबांनी घातलेल्या ताली, म्हणजे शेताच्या कडेचे जुने बांध, त्यांनी मोडल्या नव्हत्या, हे शेरा लिहिणाऱ्याने पाहिले असते तर बरे झाले असते.

त्यानंतर आपण हळूहळू नाल्यात उतरलो. नाला बहुधा सरकारी असतो, त्यामुळे शंभर खातेदारांची संमती लागत नाही. तेथे पोकलेन चालते, घनमीटर सहज मोजता येतात, मापन पुस्तिकेत नोंद सुबक बसते, आणि पावसानंतर भरलेल्या पात्राचे छायाचित्र मंत्रालयापर्यंत पोहोचते. डिसेंबर 2014 च्या निर्णयाने सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानाच्या आराखड्यात माथा ते पायथा, म्हणजे वरून खाली काम करत येण्याचे तत्त्व होते, शिवारफेरी होती, पाण्याचा ताळेबंदही होता. कागद उत्तम होता. तरीही अनेक ठिकाणी वजन खोलीकरणाकडेच झुकले, कारण ते लवकर दिसते. वरच्या शेतांना हात न लावता खालचा नाला खोल केला, तर दोन-तीन पावसाळ्यांत त्याच शेतांची माती त्यात येऊन बसते, आणि मग आपण गाळ काढण्याची वेगळी योजना मागतो.

शेत अवघड आहे ते माणसांमुळे, आणि येथे अधिकाऱ्याला वेळ द्यावा लागतो. मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावी आमची बांधांची पूर्ण रांग एका सांडव्यावर अडली होती. वरच्या खातेदाराचे पाणी आपल्या रानात सोडू देणार नाही, असे खालचा म्हणत होता, आणि त्याचे म्हणणे गैर नव्हते; पूर्वी एकदा त्याची अर्धी पट्टी अशाच पाण्याने खरवडली होती. नकाशा दाखवून तो ऐकेना. शेवटी गावच्या कृषी सहायकाने त्यालाच विचारले की, पावसात पाणी आपणहून कोठून जाते ते दाखवा. त्याने सामाईक बांधाकडेची एक जागा दाखवली, जी आमच्या आराखड्यातल्या जागेहून बरीच दूर होती. तेथे दगडी पिचिंग करून सांडवा काढला आणि काम पुढे सरकले. अंदाजपत्रक सुधारून घ्यायला मात्र काम करण्याहून अधिक वेळ लागला. असे सुधारित अंदाजपत्रक घेऊन कनिष्ठ अभियंता तुमच्यापुढे येईल, तेव्हा त्याला खुलासा मागण्याआधी तो सांडवा पाहून या.

दुसरा अडथळा दिनदर्शिकेचा आहे. सोलापुरात ज्वारीची काढणी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते, म्हणजे रान मोकळे होते एप्रिल-मेमध्ये. आपला निधी मात्र 31 मार्चला संपतो. उभ्या पिकात बांध घालता येत नाही, म्हणून मार्चअखेरचा पैसा आपोआप नाल्यात जातो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण आहे. पाहणी पावसाळ्यातच करा, कारण पाण्याची वाट तेव्हाच दिसते. संमतीपत्रे आणि तांत्रिक मान्यता दिवाळीपर्यंत उरका. आणि पडीक व हलकी राने, जेथे रब्बी नाही, ती मार्चपूर्वीच्या कामासाठी राखून ठेवा. भारी जमिनीची कामे पुढच्या वर्षाच्या आराखड्यात पहिल्या क्रमांकावर धरा, म्हणजे एप्रिलमध्ये कार्यारंभ आदेश देता येतील.

2017 मध्ये मृद व जलसंधारणाचे स्वतंत्र आयुक्तालय झाले, याने आपल्या कामाला ओळख मिळाली. पण खातेदाराला नावाने ओळखणारा माणूस अजूनही कृषी सहायकच (आताचा सहायक कृषी अधिकारी) आहे, आणि तो तुमच्या हाताखाली नाही. त्याला पत्र पाठवू नका, त्याच्या गावी जा. साठवलेल्या पाण्याचे पुढे काय होते हा प्रश्नही आपल्या अधिकाराबाहेरचा आहे; साखर कारखान्यांच्या संख्येत राज्यात आघाडीवर असलेल्या या जिल्ह्यात मुरलेले पाणी कूपनलिकेतून उसाला जाते, हे उघड गुपित आहे. 2009 चा भूजल कायदा आहे, त्याची अंमलबजावणी दुबळी आहे. हिवरे बाजार गावाने उसावर आणि शेतीच्या कूपनलिकांवर स्वतः बंधन घातले, तसे बंधन अधिकाऱ्याला लादता येत नाही. पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवणे मात्र त्याला करता येते, आणि ते दरवर्षी करावे.

राहिली देखभाल. तिला निधी नसतो, म्हणून निदान तपासणी तरी करा. मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात न थांबता केलेल्या कामांपैकी दोन-तीन सांडव्यांवर जा. कोणता खचला, कोठे उंदरांनी बांध पोखरला, आणि बाहेर पडणारे पाणी गढूळ आहे की निवळ, ते पाहा. मापन पुस्तिकेत यासाठी रकाना नाही. दौरा दैनंदिनीत गट क्रमांकासह लिहून ठेवा, आणि बदली होईल तेव्हा कार्यभाराच्या यादीत त्या दैनंदिनीचीही नोंद करा.