ओल्या पार्टीचा यजमान कोण?

(लातूर इथं मालमत्ता एजंटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार.

आपल्या धंद्यात एका शब्दाचे दोन अर्थ आहेत आणि दोन्ही आपण दिवसभर वापरतो. सकाळी फोन येतो, "ताई, पार्टी पक्की आहे, औसा रोडचा प्लॉट दाखवा." ही पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. संध्याकाळी दुसरा फोन येतो, "ताई, शनिवारी पार्टी आहे, नवीन स्कीम निघाली, सगळे एजंट येणारेत." ही पार्टी ओली. 'बसणं' या शब्दाचंही तेच. सौद्याला बसणं वेगळं आणि नुसतं "बसायचं का?" वेगळं. हसलात, म्हणजे समजावून सांगायची गरज नाही.

मी आज दुसऱ्या पार्टीबद्दल बोलणार आहे. विषय कळल्यावर इथले एक मामा मला म्हणाले, "ताई, तुम्ही घेत नाही, तुम्हाला त्यातलं काय कळणार?" खरं आहे, मी घेत नाही. पण मी पाजलेली आहे. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या हौसेनं. तेच आधी सांगते.

दहाएक वर्षं झाली असतील. अंबाजोगाई रोडकडं एका रो-हाउसच्या स्कीमचं काम माझ्याकडं होतं. बिल्डर म्हणाले, एजंट लोकांना बोलवा, घर दाखवा, जेवायला घाला. मी तीस जणांना बोलावलं. वेळ संध्याकाळी सातची. सॅम्पल हाउसला लायटिंग केलं, मागच्या मोकळ्या जागेत टेबलं मांडली, मटण सांगितलं. आणि एका पोराला पाठवून पोत्यातून बाटल्या आणल्या. परवाना वगैरे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. "आपण काय विकतोय का? पाहुण्यांना देतोय," असं मीच म्हणाले होते, चांगलं आठवतंय.

त्यात चाकूरकडचा एक पोरगा होता. नवीन, हुशार, दोन सौदे माझ्याबरोबर केलेला. वय तेवीस. रात्री अकराला मोटारसायकलवर निघाला. मी फाटकापाशी उभी होते, "नीट जा रे" म्हणाले. रिंग रोडला दुभाजकाला धडकला. गळ्याचं हाड मोडलं, पुढचे दोन दात गेले. जीव वाचला, हे त्याच्या आईचं नशीब. सकाळी सहाला त्या माउलीचा फोन. भांडण नाही, शिवी नाही. एवढंच विचारलं, "ताई, पोरगं तुमच्याकडंच जेवायला आलतं न्हवं?"

जेवायला. तिनं तो शब्द वापरला आणि माझी बोलती बंद झाली. आपल्याकडं ज्याच्या दारात पंगत बसते तो यजमान असतो. पाहुणा हात धुऊन उठला म्हणून यजमान मोकळा होत नाही, वेशीपर्यंत सोडायला जायची आपली रीत. मी काय केलं? "नीट जा रे" म्हणाले. दवाखान्याचा निम्मा खर्च मी दिला. ज्यांची स्कीम होती त्यांनी पोरगा कसा आहे एवढंही विचारलं नाही, पण तो राग आता जुना झाला.

त्यानंतर मी कायदा वाचला. आधी वाचायला हवा होता. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून चालू आहे. गंमत अशी की आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यातून नुकताच सुटून हैदराबाद राज्यात होता, मुंबई राज्यात आपण आलो १९५६ ला, त्यामुळं हा कायदा आपल्याकडं मागून आला. पण आला तो पक्का आला. या कायद्यानं दारू जवळ ठेवायला आणि प्यायलासुद्धा परवाना लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशी दारूला पाच रुपये, देशीला दोन. एवढा स्वस्त कागद आणि तो जवळ असलेला माणूस मी तरी आपल्या पार्टीत पाहिला नाही. वयाची अट, सौम्य बियर आणि वाइनला २१, बाकी सगळ्याला २५. म्हणजे माझा तो तेवीस वर्षांचा पाहुणा कायद्यानं व्हिस्कीला हात लावायच्या वयाचाच नव्हता. शिवाय साइटवर पार्टी करायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून त्या दिवसापुरता वेगळा परवाना काढावा लागतो. 'विकत नाही, फुकट देतो' ही माझी सबब इथं चालत नाही.

दुसरीकडं चालते, हे मला पुढं कळलं. माझी पुतणी कॅलिफोर्नियात हाच धंदा करते. लातूरची पोरगी तिथं घरं विकते, याचं मला कौतुक आहे. तिकडं नवीन घर विक्रीला आलं की गिऱ्हाइकाच्या आधी ते एजंटांना दाखवायची पद्धत आहे. त्याला ते 'ब्रोकर्स ओपन' म्हणतात. आठवड्यातला एक दिवस ठरलेला. दिवसाउजेडी एजंट गाड्या काढतात, एका घरातून दुसऱ्या घरात, काफिलाच म्हणा. यजमान एजंट काहीतरी खायला ठेवतो, म्हणजे लोक जरा जास्त वेळ थांबतात. आणि पुष्कळ ठिकाणी वाइन, नाहीतर संत्र्याच्या रसात शॅम्पेन घालून देतात. पुतणीला मी विचारलं, "अगं, मग सहा घरं बघितली तर?" ती म्हणाली, "काकू, तेच तर. प्रत्येक यजमानाला वाटतं, आपण एकच ग्लास दिला."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

तिच्याकडचा कायदा असा आहे की दारू विकली नाही, जागा त्या वेळी आम जनतेला खुली नसली आणि ती जागा दारू पाजण्यासाठीच ठेवलेली नसली, तर परवाना लागत नाही. म्हणजे बोलावलेल्या एजंटांपुरता कार्यक्रम चालतो. रविवारी बोर्ड लावून रस्त्यानं जाणाऱ्याला आत घेतलं की तो जनतेला खुला झाला, मग हिशेब बदलतो. परवान्याचं तिथं मिटलं, पण अपघाताचं? ते राज्याराज्यावर आहे. न्यू जर्सीत १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढं एक खटला आला. एका माणसानं पाहुण्याला घरी पाजलं, गाडीपर्यंत सोडलं, गाडी निघालेली बघितली. पाहुण्यानं पुढं समोरच्या गाडीला धडक दिली, त्यातली बाई जबर जखमी झाली. न्यायालय म्हणालं, पाहुणा झिंगलाय आणि गाडी चालवणार आहे हे माहीत असून जो पाजतो, तो यजमानही नुकसानीला जबाबदार. कॅलिफोर्नियाचा कायदा याच्या उलटा, वयानं मोठ्या माणसाला घरी पाजणाऱ्यावर सहसा दावा लागत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला ती बाई दिसली नाही, दारात उभा राहून गाडीचे लाल दिवे बघणारा यजमान दिसला. मी त्याच जागी उभी होते.

आणि एक. तिकडं रक्तात १०० मिलिलिटरला ८० मिलिग्रॅम अल्कोहोल सापडलं की गुन्हा, युटा राज्यात तेवढं ५० ला. आपल्याकडं ३० ला. पहिल्यांदा सापडलात तर दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. 'दोनच पेग घेतले' म्हणणाऱ्यांनी घरी जाताना हा आकडा आठवावा.

बरं, कायदा बाजूला ठेवू. परवाना काढला, सगळे पंचविशीच्या वरचे, सगळ्यांना घरी सोडायला गाड्या ठेवल्या. मग चालेल का? माझं उत्तर तरीही नाही, आणि ते नीतीचं नाही, धंद्याचं आहे.

एजंटाला घर कशाला दाखवतात? त्यानं ते बघावं म्हणून. रात्री लायटिंगमध्ये, एक डोळा घड्याळावर आणि एक मागच्या टेबलांवर ठेवून काय दिसतं? सॅम्पल हाउसच्या गादीचं कव्हर दिसतं. आपलं गाव कोणतं? २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यालेलं. इथं घर बघायला आलेला माणूस आधी नळ उघडतो. १९९३ ला किल्लारीचा भूकंप झालेला हा जिल्हा, इथं म्हातारी माणसं भिंतीवर हात फिरवून विचारतात, कॉलम किती जाडीचे? आपल्या तीस एजंटांपैकी त्या रात्री एकानंही नळ उघडला नव्हता. मीसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यात उदगीरचं कुटुंब घेऊन गेले. मुलगी डॉक्टरकीच्या नीट परीक्षेच्या क्लासला लातुरात, तिच्यासाठी घर हवं होतं. मुलीच्या आजीनं नळ सोडला, खळखळ आवाज आला, पाणी नाही. बोअर जानेवारीतच आटलं होतं, टँकरवर चालू होतं. आजी मला म्हणाली, "बाई, तू बघून आली नव्हतीस?" आता महारेराचा, म्हणजे आपल्या धंद्यावर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नंबर पाटीवर आहे, शिक्षण झालं, परीक्षा झाली, पण आजीच्या त्या प्रश्नाला तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. रेरा कायद्याच्या दहाव्या कलमात एजंटानं खोटी माहिती देऊ नये असं आहे. मी खोटं बोलले नव्हते. मी बघितलंच नव्हतं.

बायकांचं थोडक्यात सांगते, कारण इथं आपण सातच जणी आहोत. बाटल्या उघडल्या की आमच्या हातात मोसंबीचा ज्यूस येतो आणि साडेआठला आम्ही निघतो. कोपऱ्याचे प्लॉट कुणाला, दलालीतला वरचा अर्धा टक्का कुणाला, हे दहानंतर ठरतं. सकाळी आम्हाला उरलेल्या घरांची यादी मिळते. जे पुरुष घेत नाहीत, वारकरी आहेत, माळकरी आहेत, त्यांचंही हेच होतं, फक्त ते बोलत नाहीत.

आणि बिल कोण भरतं? बऱ्याच वेळा कर्ज करून देणारे. तिकडं पुतणीच्या धंद्यात १९७४ चा एक केंद्रीय कायदा आहे. कर्जवाल्यानं किंवा टायटलचा, म्हणजे मालकीहक्काचा, विमा काढणाऱ्यानं गिऱ्हाईक पाठवण्याच्या बदल्यात एजंटाला काही देणं गुन्हा. एजंटांच्या जेवणाचा खर्च अशा कंपनीनं उचलला तर तोही त्यात येऊ शकतो, म्हणून ते लोक जपून असतात. आपल्याकडं पार्टीचं बिल कुणी भरलं हे पार्टीला कधी कळत नाही. कोणती पार्टी, ते तुम्ही लावा.

मग मी काय करते? चार वर्षं झाली, एजंटांना हुरड्याला बोलावते. सकाळी आठला. आपल्याकडं हुरड्याला न येणारा माणूस सापडायचा नाही. साइटला लागून ज्याचं रान आहे त्या शेतकऱ्याला सांगायचं, चार वाफे राखून ठेव, त्याला त्याचे पैसे द्यायचे. गोवऱ्यांची आगटी, कोवळी कणसं, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, वर बोरं. सगळा खर्च त्या बाटल्यांच्या निम्म्यातही येत नाही. पहिल्या वर्षी तीस जणांना फोन केले, अकरा आले. दोघं तर नुसती चौकशी करून गेले, "संध्याकाळी काय आहे का?" गेल्या वर्षी चाळीसच्या वर होते. बायका लेकरं घेऊन आल्या.

आणि उजेडात सगळं दिसतं, हे बिल्डर लोकांना सुरुवातीला आवडत नाही. गेल्या वर्षी हुरडा खाता खाता एका दादांनी पावलं टाकून रस्ता मोजला. नकाशात नऊ मीटर, जागेवर साडेसात. एकानं एनएचा, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा, आदेश मागितला, वाचला, तारखेवर बोट ठेवलं. मालक माझ्यावर चिडले, म्हणाले, "ताई, तुम्ही एजंट बोलावलेत का तलाठी?" पंधरा दिवसांत कुंपण मागं सरकलं. मग त्या स्कीमचे प्लॉट मी छातीठोकपणे विकले.

तो चाकूरचा पोरगा आता स्वतःचं ऑफिस चालवतो. दात बसवून घेतलेत, हसला की कळतं. त्या रात्रीचं आम्ही दोघं बोलत नाही. पण हुरड्याला तो सगळ्यात आधी येतो, आगटी तोच पेटवतो, आणि निघताना त्याच्या आईनं माझ्यासाठी दिलेला खव्याचा डबा काढून देतो.

यंदाचा हुरडा येत्या रविवारी आहे, बार्शी रोडला. पत्ता मी पाठवलाय. टेप आणा, नळ सोडून बघा. आणि बूट घालून या, शनिवारी रात्री ज्वारीला पाणी दिलेलं असेल, बांधावर चिखल आहे.